खुणेचं नाणं

...आणि वर तो चहावाला म्हणतो, "मास्तर, हे नाणं नको, दुसरं द्या!" अहो, दुसरं कुठून देऊ? सकाळी मी अंघोळीला गेलो की बायको चहापुरते सुटे पैसे युनिफॉर्मच्या खिशात टाकते, तेवढीच माझी इस्टेट! म्हटलं, बघू तरी काय झालंय, तर आकड्याखाली तीन टोचे. एका ओळीत! तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही... पण चहा तसाच टाकून पळालो.

तुम्हाला आमची कंडक्टरची लाइन माहीत नाही. पिशवीतला पैसा कंपनीचा, खिशातला आपला. आणि चेकर काय करतो, खुणेचं नाणं साध्या प्रवाशाच्या हातून पाठवतो. कंडक्टरने तिकीट न देता ते खिशात घातलं की पुढच्या स्टॉपला स्वारी हजर! "खिसा उलटा करा." संपलं! नोकरी गेली, अब्रू गेली, पोरीची फी कुठून भरायची? मी आयुष्यात कुणाची दमडी खाल्ली नाही हो, पण माझ्या खिशात ते निघालं तर माझं ऐकणार कोण?

मग काय, टाकलं गुपचूप पिशवीत. सुटलो! कसला सुटतोय... दुसऱ्या दिवशी खिशात पुन्हा तीन टोचे! आणि सगळ्या नाण्यांवर!

मेव्हण्याकडे गेलो. त्याला जुन्या नाण्यांचा नाद. भिंग लावून गंभीरपणे म्हणतो कसा, "भाऊजी, टांकसाळीत साचा चिरला असता तर धातू वर आला असता. इथे तो आत दबलाय. हे बाहेरचं काम. कोणीतरी मुद्दाम, खिळ्याने, शांतपणे बसून केलंय." शांतपणे बसून! अरे, मी तुझ्याकडे धीर मागायला आलो होतो ना?

महिनाभर हेच. खिशातलं सगळं पिशवीत, चहा बंद. जो चढेल तो मला चेकर दिसायचा, एका आजीबाईंना तर सलाम ठोकला! सकाळी स्वयंपाकघरात ठकठक झाली तरी किंचाळायचो, "कोण आहे?" आतून बायको, "मी आहे, लसूण ठेचतेय!" तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही... पण भाजीत लसूण नाही हे तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय!

काल डेपोत साहेबांनी बोलावलं. "तुमच्या पिशवीत रोज पैसे जास्त भरतात. प्रवाशांचे सुटे दाबता काय?" घ्या! कमी भरले तरी चोर, जास्त भरले तरी चोर!

घरी येऊन रडलो. चक्क रडलो, आणि खिसा बायकोसमोर ओतला. ती नाण्यांकडे बघते, माझ्याकडे बघते... "अहो, हे टोचे मीच मारते! उद्या कुणी खिसा तपासलाच, तर घरचे पैसे ओळखू यावेत म्हणून!"

मी म्हटलं, बाई, मग एका शब्दाने सांगायचंस तरी!

तर म्हणते, "सांगणारच होते हो. पण म्हटलं, चेकरचं नाव काढलं की तुम्ही उगाच घाबराल."