जावईबापूंचे पहारेकरी

...आपोआप होतं म्हणे! अहो, दूध उतू जायचं सोडलं तर माझ्या घरात आजवर काही म्हणजे काही आपोआप झालेलं नाही. पण हे आमच्या कंपनीच्या मालकांच्या जावयाला सांगायचं कुणी?

तुम्हाला सांगतो, प्रोग्राम लिहून लिहून माझ्या डोक्यावरचे केस गेले, आणि हे जावईबापू गेल्या आठवड्यात उगवले, खुर्ची फिरवून बसले नि मला जावास्क्रिप्ट शिकवायला लागले. 'काका,' म्हणे... काका! जेमतेम चार वर्षांनी लहान असेल गडी! 'काका, एका माहितीवर दुसरीला पहारेकरी बसवायचं. पहिली बदलली की दुसरी आपोआप बदलते.' अहो, मला माहीत नाही का ते? रोज तेच करतो मी! पण कुणावर कुणाला बसवायचं, याला काही अक्कल लागते की नाही?

काम केवढं, तर दाताच्या दवाखान्यातला नंबर दाखवणारा टीव्हीसारखा पडदा. त्यावर आकडे दोन, चालू नंबर आणि बाकी पेशंट. नंबर पुढे सरकला की बाकी एकाने कमी, इथवर ठीक. यानं काय करावं? बाकी कमी झाली की नंबर पुढे, असा उलटा पहाराही बसवला! म्हणजे हा त्याच्याकडे बघून हलणार, तो याच्याकडे बघून. मी म्हटलं, अहो, हे थांबणार कुठं? एकदा चालवून तरी बघा. तर म्हणतो, आपोआप होतं, बघायचं काय त्यात?

आणि मी गप्प बसलो. का? तर माझी रजा मंजूर होती. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं कुठं निघालो होतो, समुद्राकाठी खोली ठरलेली, बायकोनं बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या, दुपारची गाडी. अशा वेळी मालकांच्या जावयाशी कोण हुज्जत घालेल?

निघायच्या दिवशीच सकाळी पडदा सुरू झाला. गाल सुजलेल्या एका मावशींचा पहिला नंबर पुकारला. त्या उठून उभ्या राहीपर्यंत दुसरा, तिसरा, चौथा... थांबायचं नावच नाही! प्रत्येकाला वाटलं आपली पाळी आली, सगळे एकदम दारावर. आत एकजण तोंड वासून पडलेला, त्याच्या उरावर ही झुंबड. बाकी पेशंट किती? उणे चाळीस! डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

जावईबापूंनी बोट माझ्याकडे केलं. हे मात्र खरंच आपोआप झालं बरं का!

मी म्हटलं, एक पहारा काढतो, मिनिटाचं काम. तर जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. त्यांची पहिलीच करामत ती, काढायची कशी? मालकांनी मला बाजूला घेतलं. "जावई आहेत हो. लेकीला काय सांगू? दोन्ही पहारे बंद ठेवा, पण काढू नका. त्यांचं नीट होईपर्यंत तुम्हीच इथं बसून बटण दाबा."

नीट होईपर्यंत! म्हणजे कधी? बायको वाट बघून एकटीच गेली. तिकडून समुद्राचे फोटो पाठवते, सोबत एक अक्षर नाही.

आणि मी? पडद्यामागं स्टुलावर बसतो. डॉक्टरीणबाई दार उघडतात, मी बटण दाबतो, नंबर बदलतो. काल त्या मावशी शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, "माणसाचा हातसुद्धा लागत नाही हो याला."