एक तास वीस मिनिटं

(ग्रीस फिओर्ड, उत्तर ध्रुवाकडचं बर्फातलं एक छोटं गाव. धावपट्टीजवळची एका खोलीची विमानकचेरी. कचेरी सांभाळणारी ओलूटी आणि तिचा म्हातारा मामा इमूशी.)

इमूशी : पण विमान जातंय ना?

ओलूटी : जातंय. उतरेल की नाही, ते सांगता येत नाही. रेझोल्यूटला धुकं आहे. तिकडच्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, दारात उभी केलेली गाडी दिसत नाहीये.

इमूशी : त्याला एरवी तरी काय दिसतं?

ओलूटी : मामा, ऐका माझं. तीनशे नव्वद किलोमीटर, एक तास वीस मिनिटं. पायलट वर दोन घिरट्या घालणार आणि जमलं नाही तर तसाच माघारी येणार. म्हणजे तीन तास अवघडून बसून पुन्हा इथंच. त्यापेक्षा पुढच्या मंगळवारी जा.

इमूशी : मंगळवारी तिथं कोण असणार आहे? माझ्या नातीच्या, सुझीच्या नवऱ्याला ओटावात काम लागलंय. शुक्रवारी बाळाला घेऊन निघतायत ते. तिकडे दक्षिणेत मी कुठला जातोय या वयात.

ओलूटी : फोनवर आवाज ऐकलात ना बाळाचा?

इमूशी : ऐकला. सुझी म्हणाली, आजोबा, तुमची बायको रात्रभर कुणाला झोपू देत नाही. म्हटलं, आता कळलं ना मी कसे दिवस काढले ते.

ओलूटी : लीतियामामीचं नाव दिलं, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे मामीच परत आली. कपाळही तिच्यासारखंच आहे म्हणे.

इमूशी : सगळं म्हणेच. मला बघायचंय ते. दोन वर्षं वाट बघितली, घरात कुणाला तरी मूल होईल आणि तिचं नाव घेऊन येईल म्हणून.

ओलूटी : पिशवीत काय आहे?

इमूशी : व्हेलची कातडी, खायला. आवडते तिला.

ओलूटी : दात कुठे आलेत तिला अजून.

इमूशी : गेली तेव्हा तरी कुठे होते.

ओलूटी : मामा, मी तुम्हाला अडवत नाहीये. पण रिकामे परत आलात तर मला बघवणार नाही.

इमूशी : तिला मागणी घालायला गेलो, तेव्हा कुत्र्यांच्या गाडीनं नऊ दिवस लागले होते. वाटेत वादळ लागलं, पण परत फिरावं असं एकदाही वाटलं नाही. आणि आजारी पडली, तेव्हा याच दारातून तिला विमानानं दवाखान्यात नेलं आणि मी इथं उभा राहिलो.

ओलूटी : मीच म्हणाले होते, जागा नाही, पुढच्या विमानानं जा.

इमूशी : तू नियमाचं बोललीस. हट्ट मी करायचा होता, तो केला नाही. पुढचं विमान यायच्या आत ती गेली.

ओलूटी : आणा ते तिकीट इकडे. खिडकीपाशी बसा. पण खाली सगळं पांढरंच असेल, मामा. ती दिसणार नाही.

इमूशी : न दिसू दे. वरून विमान गेलेलं तिला ऐकू तरी येईल.