लावल्यातच जमा

लष्करी कारखान्याच्या कँटीनला चहाच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढं रणगाडे वाहणाऱ्या ट्रेलरचा ड्रायव्हर, त्याच्यापुढं ब्रेकचा मिस्त्री. दोघं जावई-सासरे.

"जावईबापू, चहा झाला की ट्रेलरचे ब्रेक ढिले करून मी खाली शिरतो. चाकांना ठोकळे लावलेत ना?"

"लावल्यातच जमा आहेत, मामा."

"लावलेत, की जमा आहेत?"

"अहो, जमीन सपाट आहे. कुठं पळतोय तो?"

"बरं. तुमची नवी मोटरसायकल उन्हात तापत होती, मी सावलीत लावली."

"उपकार झाले. कुठं?"

"ट्रेलरच्या चाकापुढं. अगदी खेटून."

"मामा! तिच्या सीटचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही अजून!"

"मग काय झालं? जमीन सपाट आहे की."

"तिथं उतार आहे हो!"

"आत्ता सासरा खाली शिरत होता तेव्हा सपाट होती. एवढ्यात उतार आला?"

"माझा नंबर धरा, ठोकळे लावून येतो!"

गडी चप्पल सांभाळत पळाला. मिस्त्री चहावाल्याकडं वळला.

"त्याचाही चहा मलाच दे. त्याची मोटरसायकल मी हलवलीच नाही, तुझ्या कँटीनमागंच उभी आहे. ट्रेलरपाशी दिसली नाही म्हणून विचारायला आला, तर कुणीतरी इकडं आणून लावली म्हण हं, उद्याही मला खाली शिरायचंय."