सेंधव्याला उतरलेली बाई

जळगाव-चोपडा बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको बसले होते. बायको नुकतीच स्टेजवर स्वतःची गोष्ट सांगून आली होती, हे बोलण्यावरूनच कळत होतं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी तू इंदूरच्या बसमध्ये बसली होतीस, हे मला आज दोनशे लोकांबरोबर कळलं, रूपा."

"हो."

"अकरा वर्षांत मला सांगितलं नाहीस. त्या नवल सरांना सांगितलंस."

"ते गोष्ट सांगायला शिकवतात. सगळ्यांकडूनच त्यांनी आठ-आठ वेळा म्हणून घेतली."

"म्हणजे त्यांना आठ वेळा सांगितलीस."

"तुम्हालाही एकदा सांगायला घेतली होती. गोष्टीत शिरपूरच्या स्टँडपर्यंत आले, तेवढ्यात तुम्ही विहिरीवरच्या मोटारीचं काढलंत."

"आणि हे दोनशे लोक?"

"ते मधे बोलले नाहीत."



"मग वाटेत सेंधव्याला उतरून परत का आलीस?"

"तेही सांगितलं की स्टेजवर."

"तेव्हा मी उठून बाहेर गेलो होतो. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या."

"मग आता सांगू?"

"सांग. पण त्यांना सांगितलंस तसं नको."