सव्वा तासाचं विमान

नाही हो, सव्वा तास कसा असेल? सव्वीसशे किलोमीटर आहे ते — विमान आहे, तोफेचा गोळा नव्हे. पावणेचार तास लागतात. आता तुम्ही म्हणणार, तिकिटावर तर निघणार सात-दहा, पोचणार आठ-पंचवीस. बरोबर. निघायची वेळ आपल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या. आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. ती वजाबाकी करूनच वेळ छापतात — आपण परत करायची नाही. परत करायची नाही, कळलं ना? — अहो, हसलो म्हणून तोंड पाडू नका. तुम्हाला नाही हसलो. तुम्ही पहिल्यांदा विमानात बसणार, विचारलंत, शहाणपणा केलात. मी बावीस वर्षं या खुर्चीत बसून तिकिटं काढतोय, आणि मी — जाऊ दे.

नाही, सांगतोच. धाकटीचं लग्न होतं, त्याच शहरात. नोंदणी कचेरीत, सकाळी अकराला. बायको आठ दिवस आधीच गेलेली. मला मुलगा पसंत नव्हता — आता आहे, चांगला आहे बिचारा, माझ्यापेक्षा तर नक्कीच — पण तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. येणार नाही म्हणून बसलो. मग राहवेना. पोटची पोर शेवटी. कुणाला न सांगता तिकीट काढलं — म्हटलं, अवचित जाऊन उभा राहतो. अकरा-वीसचं विमान, तिथं बारा-पस्तीसला. त्यातून मी, हा तज्ज्ञ माणूस, पुन्हा अडीच तास वजा केले. दहा-पाच! वा, म्हटलं, सकाळच्या विमानासाठी झोपमोड कशाला? लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पोचलो तर कचेरीत शिपाई तेवढा. बाकी सगळे समोरच्या हॉटेलात जेवत होते. मला बघून ती उठली, तोंडात घास तसाच. म्हणाली, "बाबा, सह्या होईपर्यंत थांबलात ना मुद्दाम?" — एवढंच म्हणायचं होतं हो, पोरी, बाप गाढव आहे तुझा. पण जावयाकडची सगळी माणसं बघत होती, आणि तिनं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, आमचे बाबा विमानांचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतात. म्हटलं, "हो. थांबलो." पडलो तरी नाक वर! दुष्ट म्हटलं तर चालेल, पण अडाणी म्हणायचं नाही. सहा वर्षं झाली. दर रविवारी आईशी तासभर बोलते, आणि मला? "तब्येत बरी ना?" शेजाऱ्याला विचारावं तसं. फार लागतं हो ते.

काय? आता सांगू? सहा वर्षांनी? हसेल ती. — हसू दे म्हणता? हसेलच, आईवर गेलीय. — अहो, फोन कशाला सरकवताय माझ्याकडे? बरं. हे घ्या तुमचं तिकीट, आणि उठा आता. उठा म्हटलं ना, तुमच्यासमोर नाही जमायचं. दार लोटून घ्या —

हॅलो? मी बोलतोय. नाही, आई घरी आहे, बरी आहे. तुझ्याशीच बोलायचंय. अगं, त्या दिवशी मी थांबलो नव्हतो —