आधी पाणी पिऊन ये

...आणि वर साहेब मलाच म्हणतात, ज्ञानाचे स्रोत वाढवा! अहो, मी काय विहीर आहे? साधा प्रोग्रामर आहे मी! तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात रात्री शिकलेलं सकाळी जुनं होतं, शिकायला माझी ना नाही, जन्मभर तेच करतोय, पण माझी पद्धत सोपी होती. अडलं की खुर्ची डावीकडे फिरवायची. डावीकडे काका! सख्खे नव्हेत हो, ऑफिसातले. चष्मा कपाळावर, आणि तोच टेबलावर शोधतायत. मी म्हणायचं, “काका, प्रोग्राम मेला.” वर न बघता ते म्हणायचे, “आधी पाणी पिऊन ये.” मी तणतणत कूलरपाशी जायचो, आणि अर्धा पेला पोटात गेला की चूक आपोआप दिसायची! नाहीच दिसली, तर मग काका खुर्ची ओढून घ्यायचे आणि असं समजवायचे... असं समजवायचे की बास.

हे साहेबांना खुपलं. साहेब बोलतात कसे, शब्दाशब्दाला इस्त्री केल्यासारखे, “तुम्ही एकाच माणसावर अवलंबून आहात. धोका आहे हा. स्रोत वाढवा!” वाढवले! व्हिडिओ बघितले, तेही दुप्पट वेगाने, इतके की बायको जेवायला बोलवायची ते मला संथ वाटायला लागलं. “जरा पटपट बोल ना,” म्हटलं, त्या दिवशी माझं मीच वाढून घेतलं. भांडी घासताना कानात पॉडकास्ट, दात घासताना ब्लॉग. इंटरनेटवरच्या फोरमवर प्रश्न टाकावा, तर कुणीतरी अनोळखी इसम “हे आधीच विचारून झालंय” म्हणून तोंडावर दार लावतो! शेवटी तो एआयवाला बॉट, विचाराल त्याचं उत्तर देणारा. काय गोड बोलतो... “उत्तम प्रश्न!” अहो, काका कधी माझ्या प्रश्नाला उत्तम म्हणाले नाहीत. “डोकं घरी विसरलास का?” एवढंच त्यांचं कौतुक.

आणि मी शहाणा, खुर्ची फिरवायचीच सोडली. काका मधूनच विचारायचे, “काय रे, हल्ली अडत नाही वाटतं तुझं?” मी कानातलं न काढता नुसता अंगठा वर करायचो.

मग ती मीटिंग. पडद्यावर आलेख, कोण कुठून शिकतो त्याचे. माझा गोल रंगीबेरंगी, साहेब म्हणाले, “टाळ्या!” वर एक कपही दिला. आणि पुढच्या पानावर काका. मार्गदर्शनाची मागणी, शून्य. साहेब हळूच म्हणाले, “आता त्यांची तशी गरज उरली नाही.” अहो, पण त्यांना विचारणारा मीच होतो एकटा! ती मागणी म्हणजे मीच की हो!

आठवडा संपायच्या आत काकांची नोकरी गेली. एका खोक्यात सगळं सामान, चष्मा कपाळावर. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शिकत राहा.” मला रडू आवरेना, मी आपला त्या रिकाम्या कपात बघत उभा.

स्रोत वाढवा म्हणे! आता डावीकडे प्रिंटर ठेवलाय. सवयीने खुर्ची फिरवतो, तर तो म्हणतो, कागद संपला.

परवा काकांचा फोन. “अरे, एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय. नव्यातलं मला काहीच येत नाही बघ. कुठून शिकू?” आवाज इतका बारीक झालेला... आणि मी काय करावं? सुरूच झालो! हे व्हिडिओ बघा, तो ब्लॉग वाचा, अमक्याचं पॉडकास्ट ऐका, बॉटला विचारा... काकांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, “एवढं सगळं कशाला रे? अडलं की तुलाच विचारतो.”

“आलोच काका” म्हटलं, फोन टेबलावर ठेवला आणि आधी पाणी प्यायला गेलो. तुम्हाला सांगतो, अर्धा पेलाही लागला नाही हो... पहिल्याच घोटाला चूक दिसली, माझीच.