अमरेशची हाक

दानेश्वरी : गाडी दारात उभी आहे आत्या, आणि तुम्ही भरलेली पिशवी परत रिकामी करून बसलात?

चंद्रव्वा : म्या येत न्हाय, दानी. तुज्या बापाला सांग. काल सांजंलाबी माजा अमरेश आला हुता.

दानेश्वरी : आत्या, अमरेशला जाऊन वर्ष होत आलं.

चंद्रव्वा : ठावं हाय की. माज्याच मांडीवर गेला न्हवं का, तापानं फणफणून? पण हाक मारतोय. परसात, हौदापाशी.

दानेश्वरी : हाक? त्याला तर बोलता येत नव्हतं.

चंद्रव्वा : तूबी म्हण. समदं मंद्रूप गाव त्येला मुका म्हणायचं. पोरं तर ‘फटफटी आली, फटफटी आली’ म्हणत मागं लागायची.

दानेश्वरी : ओठ फडफडवायचा ना? म्ब्र्र्र. असंच?

चंद्रव्वा : आगं माज्या शिवा! तुला कसं गं आलं हे?

दानेश्वरी : घाबरू नका. कॉलेजात भाषाशास्त्राच्या तासाला शिकवलं. ते व्यंजन आहे, आत्या, आपल्या क-ख-ग सारखं. जगात फार थोड्या भाषांत सापडतं. न्यू गिनीजवळच्या बेटांवर, आफ्रिकेत कॅमेरूनकडं. तिथं रोजच्या शब्दांत येतं ते. आधी ओठ मिटून म, आणि लगेच फडफड.

चंद्रव्वा : म्हंजी तितं कुणी हसलं नसतं त्येला.

दानेश्वरी : त्या आवाजाला तरी नसतं हसलं.

चंद्रव्वा : मी सांगत हुते की समद्यास्नी, माजं लेकरू बोलतंय म्हणून! भूक लागली की आखूड, भ्याला की लांब. मला आई, अव्वा म्हणायचं तर दोनदा. मीबी तशीच ओ द्यायची.

दानेश्वरी : मग आता?

चंद्रव्वा : आता कशी देऊ? त्यो गेला आन् माज्या तोंडावरनं वारं गेलं. हे बघ, ओठ वाकडं झाल्यात. नुसती हवा निसटती. ‘आले रं बाळा’ म्हणते, पर त्येला ते पुरत न्हाय. अंधार पडूस्तोवर बोलवत ऱ्हातोय. आसं टाकून सोलापूरला कशी येऊ गं?

दानेश्वरी : आत्या... मागं काय वाजलं?

चंद्रव्वा : आलं न्हवं ऐकू?

दानेश्वरी : म्हैस असेल.

चंद्रव्वा : म्हैस दिवाळीतच इकली की.

दानेश्वरी : परत झालं. दोनदा. माझा हात धरा, आत्या.

चंद्रव्वा : भिऊ नगं. आपलाच हाय. ओ दे त्येला.

दानेश्वरी : मी?

चंद्रव्वा : तुजं ओठ धड हाईत. माज्या बदली दे.

दानेश्वरी : म्ब्र्र्र... म्ब्र्र्र...

(परसात बराच वेळ काही वाजत नाही.)

दानेश्वरी : गप झाला.

चंद्रव्वा : व्हय. घावली त्येला अव्वा.

दानेश्वरी : रडू नका ना. आता नाही यायचा तो. चला आमच्या घरी.

चंद्रव्वा : येते की. पर दानी, सांज झाली म्हंजी आता मी ओ कुणाला द्यायची?